कंबरेत उसण भरली तर झोपून राहावे की चालावे?

पाण्याची बादली उचलायला वाकलात आणि कंबरेत एकदम कळ आली. सरळ होता येईना, श्वास घेतला तरी दुखू लागले, आणि भिंत धरत धरत कसेबसे पलंगापर्यंत पोहोचलात. याला कोणी उसण भरली म्हणतात, कोणी लचक भरली, कोणी कंबर धरली. डॉक्टरांच्या कागदावर ‘लम्बर स्ट्रेन’ किंवा नुसतेच ‘लो बॅक पेन’ लिहिलेले असते.

बहुतेक वेळा यात कंबरेचा एखादा स्नायू किंवा मणक्यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध ताणला गेलेला असतो. दुखणे भयंकर असले तरी इजा सहसा किरकोळ असते. बऱ्याच जणांना आठवडा-दोन आठवड्यांत चांगला फरक पडतो आणि सहा आठवड्यांत बहुतेक जण नेहमीच्या कामाला लागतात. मात्र एकदा बरी झालेली कंबर वर्षभरात पुन्हा दुखणारे लोक दहात सुमारे सात असतात. त्यामुळे खरा प्रश्न उसण जाईल का हा नसून ती परत येऊ नये म्हणून काय करायचे हा आहे.

नेमके काय दुखावते?

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना पाठीला उभे धरणाऱ्या लांब स्नायूंचे पट्टे असतात. त्यांच्या खाली, मणक्यांना अगदी चिकटून, लहान लहान स्नायू असतात. अचानक ताण आला की यातले काही तंतू ताणले जातात, क्वचित तुटतात. मग आजूबाजूचे स्नायू त्या जागेची हालचाल होऊ नये म्हणून घट्ट आवळून बसतात. माणूस एका बाजूला वाकडा होऊन चालतो तो या आवळण्यामुळे, आणि जीव जाईल असे वाटणारे दुखणेही बरेचसे यातूनच येते. म्हणजे दुखण्याची तीव्रता आणि इजेचा आकार यांचा थेट हिशोब लागत नाही. शिंकेने भरलेली उसण पोते उचलून भरलेल्या उसणीपेक्षा जास्त दुखू शकते.

नेमका कोणता स्नायू दुखावला हे डॉक्टरांनाही बहुतेक वेळा सांगता येत नाही. त्याने उपचारात फारसा फरकही पडत नाही.

सिडनीत सुमारे एक हजार रुग्णांना कंबर धरली त्या दिवशीच्या गोष्टी विचारून एक अभ्यास झाला होता. ओझे उचलणे, अवघड स्थितीत काम करणे ही कारणे अपेक्षितच होती. पण काम करताना लक्ष दुसरीकडे असणे आणि थकलेले असणे हीसुद्धा मोठी कारणे निघाली. सर्वांत जास्त उसणी भरल्या होत्या सकाळी ७ ते दुपारी १२ या वेळात. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात आणि सकाळी कंबर ताठर असते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. आपल्याकडे पाणी भरणे, केर काढणे, लादी पुसणे, कपडे धुणे ही वाकण्याची सगळी कामे नेमकी याच वेळात, घाईत उरकली जातात.

आधी हे पाहा

कंबर दुखते म्हणजे उसणच असे नाही. पुढच्या गोष्टी असतील तर घरी उपाय करत बसू नका.

लघवी अडकली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला. सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा आला. दोन्ही पायांतली शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, मोठ्या रुग्णालयात जायला हवे. मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणे असतात. यात उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते.

पडल्यावर किंवा अपघातानंतर कंबर दुखू लागली, किंवा साठी ओलांडलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या, बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाला नुसते वाकल्याने जोराची कळ आली, तर मणक्याला चीर पडली आहे का हे पाहावे लागते. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी नव्याने सुरू झालेली कंबरदुखी डॉक्टरांना दाखवावीच. रात्री झोपेतही न थांबणारे दुखणे, घटणारे वजन, संध्याकाळी येणारा बारीक ताप हे सगळे आठवड्यानुआठवडे चालू असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो. तो औषधांनी बरा होतो, पण ‘जुनी उसण’ म्हणून शेकत बसल्याने हाड खाल्ले जाते.

पावसाळ्यात थंडी-ताप येऊन अंग आणि कंबर मोडून आल्यासारखी दुखत असेल तर ते डेंग्यूही असू शकते. अशा वेळी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. बरगडीखालून जांघेकडे लाटांसारखी येणारी, कोणत्याच स्थितीत चैन पडू न देणारी कळ बहुधा मुतखड्याची असते. उसणीत निदान एखाद्या कुशीवर तरी आराम मिळतो.

दुखणे गुडघ्याखाली पोटरी-पावलापर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर नसेवर दाब आहे. ही सहसा तातडीची बाब नसते, पण डॉक्टरांना दाखवावे. चालताना पाऊल वर उचलले जात नाही, चप्पल पायातून निसटते, असे होऊ लागले तर मात्र थांबू नये.

पहिले दोन-तीन दिवस

१९८० च्या दशकापर्यंत डॉक्टरच कंबरदुखीला एक-दोन आठवडे सक्त झोपून राहायला सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सुमारे २०० रुग्णांचे दोन गट केले गेले. एकाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, आणि बाकी कशातही ते मागे पडले नाहीत. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत आणखी पुढे जाऊन तिसरा पर्याय तपासला गेला: झोपायचे नाही, व्यायामही करायचा नाही, दुखणे सोसवेल तितके रोजचे काम करत राहायचे. हाच गट सर्वांत लवकर सावरला. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने अशक्त होतात, कंबर आणखी ताठरते आणि हललो तर काहीतरी तुटेल ही भीती मनात घर करते.

म्हणजे पहिल्या दिवशी आडवे व्हायचेच नाही असे नाही. कळ फार असेल तर तास-दोन तास पडा, मग उठून घरातल्या घरात चार-पाच मिनिटे चाला, पुन्हा टेका. उताणे झोपताना गुडघ्यांखाली दोन उशा, कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवली की ताण कमी होतो. जमिनीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या तरी बऱ्याच जणांना लगेच सैल वाटते. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा.

‘लाकडी फळीवर झोपा’ हा सल्ला आपल्याकडे अजून ऐकू येतो. बरेच दिवस कंबर दुखत असलेल्या लोकांवर स्पेनमध्ये झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी जास्त फायद्याची ठरली. तेव्हा पलंगावरची गादी उतरवून जमिनीवर चटई टाकण्याची गरज नाही. जमिनीवरून उठणे हाच या दिवसांतला मोठा त्रास असतो. त्याच कारणाने जेवायला पाटाऐवजी खुर्ची घ्यावी. भारतीय पद्धतीच्या संडासात धरायला काही नसेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची चार दिवस आणावी. स्कूटर-मोटरसायकल या काळात टाळलेली बरी.

शेकाचे काय? गरम शेकाने पहिल्या आठवड्यात दुखणे कमी होते याला चांगला आधार आहे. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा गरम पाला, सगळ्यांचे काम एकच: ऊब देणे. पंधरा-वीस मिनिटे, मध्ये टॉवेल ठेवून, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. काहींना पहिले दोन दिवस बर्फाने बरे वाटते. वाटत असेल तर खुशाल लावा. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी शेक देताना हाताने आच तपासावी, नाहीतर भाजलेले कळत नाही. बाम चोळून वर गरम पिशवी ठेवणे ही भाजून घेण्याची हमखास रीत आहे.

गोळ्यांबाबत एक आश्चर्य २०१४ मध्ये समोर आले. ऑस्ट्रेलियात १,६५० हून जास्त रुग्णांवर केलेल्या चाचणीत पॅरासिटामॉल घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे सारख्याच वेळात बरे झाले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी थोडा फरक पडतो. त्या कमीत कमी दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन गाडी चालवू नये.

पायाळूचा पाय

उसण भरली की पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाला, बोलावून त्याचा पाय कंबरेला लावून घ्यायचा, हा उपाय महाराष्ट्रातल्या गावोगावी परिचित आहे. अनेकांना तो लागू पडल्याचे ते शपथेवर सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. कळ सर्वांत जास्त असते तेव्हाच माणूस उपाय शोधतो, आणि उसणीचा स्वभावच असा की त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत ती उतरू लागते. त्या काळात जो काही उपाय केला असेल त्याला श्रेय मिळते. पायाळूला मिळते तसे पट्ट्याला, तेलाला आणि महागड्या इंजेक्शनलाही मिळते.

पाय हलकेच लावला तर बिघडत काही नाही. पण लाथ मारणे, पाठीवर उभे राहणे, कंबर ‘मोडून’ घेणे यात धोका आहे. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ मणक्याला चीर पडायला एवढे निमित्त पुरते.

एमआरआय काढावा का?

वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआयने काही साधत नाही. उलट घोटाळा होतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या धडधाकट लोकांपैकी ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली. पिकलेल्या केसांसारखे हे वयाचे चिन्ह आहे. पण ‘गादी सरकली आहे’ हे वाक्य एकदा कानावर पडले की माणूस वाकणे सोडतो, नातवंडाला उचलणे सोडतो, आणि न वापरलेली कंबर खरोखरच कमजोर होत जाते.

पुन्हा कामाला लागताना

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालणे वाढवायचे. एकदम तासभर नको; पाच-दहा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या, सपाट रस्त्यावर. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या दिवशीइतकेच किंवा कमी असेल तर मात्रा बरोबर आहे. वाढले असेल तर निम्म्यावर या, बंद करू नका.

सुरुवातीला उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर हलकेच जमिनीकडे दाबणे, एकेक गुडघा छातीकडे ओढणे, दोन्ही गुडघे जोडून डावी-उजवीकडे झुलवणे, आणि हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासनासारखी पाठ वर-खाली करणे पुरेसे आहे. काहींना पालथे झोपून कोपरांवर हलके उठल्याने बरे वाटते, काहींचे त्याने वाढते. आपल्याला काय मानवते ते पाहावे.

दुखणे ओसरले की बळकटी देणारे व्यायाम सुरू करायचे, आणि नेमके इथेच बहुतेक लोक थांबतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९९६ मध्ये असे दिसले की कंबरदुखी थांबली, माणूस कामावर गेला, तरी मणक्यालगतचा रोडावलेला लहान स्नायू आपोआप पूर्वीसारखा भरला नाही. ठरावीक व्यायाम करणाऱ्यांचा मात्र भरला. यासाठी तीन व्यायाम पुरतात: उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलण्याचे सेतुबंधासन, हात-गुडघ्यांवर राहून उजवा हात आणि डावा पाय, मग डावा हात आणि उजवा पाय सरळ लांबवणे, आणि कुशीवर कोपर टेकून कमरेचा भाग उचलून धरणे. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद, पाच-सहा वेळा. दहा मिनिटांचे काम आहे.

पश्चिमोत्तानासन, हलासन, पाय सरळ ठेवून उठाबसाव्या तसे पोटाचे व्यायाम हे पहिला महिनाभर बाजूला ठेवावेत. सूर्यनमस्कार रोज घालणाऱ्यांनी पुढे वाकण्याच्या स्थितीत गुडघे थोडे वाकवून, दोन-तीनपासून पुन्हा सुरुवात करावी. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जावे, आणि सहा आठवड्यांनंतरही दुखत असेल तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावे.

अंगमेहनतीवर पोट असलेल्यांची अडचण वेगळी आहे. ‘ओझे उचलू नका’ हे हमालाला, गवंड्याच्या हाताखालच्या बाईला किंवा ऊसतोड कामगाराला सांगणे म्हणजे जेवू नका म्हणून सांगण्यासारखे आहे. चालते-फिरते राहिल्याने कंबर लवकर सावरते ही त्यांच्या दृष्टीने चांगली बातमी, पण पहिले दोन आठवडे जड उचल टाळून हलके काम मागून घेता आले तर ते घ्यावेच. ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगाराला, वर्गणीची अट पूर्ण झालेली असेल तर, आजारपणाच्या रजेत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. अनेकांना हे माहीतच नसते. घरकाम करणाऱ्या बायांना तर तेवढाही आधार नसतो. त्यांना चार दिवस लादी पुसण्यातून मोकळीक देणे ज्याच्या घरी त्या काम करतात त्याच्याच हातात आहे.

परत भरू नये म्हणून

२०१६ मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. कंबरपट्टा आणि बुटातले खास तळवे यांनी उसण टळत नाही असे दिसले. नियमित व्यायामाने धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, आणि सोबत कंबरेची नीट माहिती दिली तर आणखी कमी. पट्टा लावून चार दिवस धीर येत असेल तर लावा, पण रोजची सवय नको.

सर्वांत स्वस्त उपाय २०२४ मध्ये सिद्ध झाला. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालणे वाढवायला सांगितले. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालणे हे लक्ष्य होते. न चालणाऱ्यांच्या गटात दुखणे परत यायला साधारण ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांच्या गटात २०८.

वजन उचलण्याच्या ‘योग्य पद्धती’चे वर्ग घेतल्याने कंबरदुखी कमी होते असे दिसलेले नाही. तरी काही गोष्टी साध्या हिशोबाच्या आहेत. ओझे अंगाला जितके जवळ, तितका कंबरेवरचा भार कमी. उचलता उचलता वळू नका, आधी उचला, मग पाय फिरवून वळा. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो; तो उचलण्याऐवजी जरा तिरका करून तळाच्या कडेवर फिरवत न्या, किंवा चाकांचा स्टँड घ्या. पाण्याचा २० लिटरचा जार उचलून उलटा घालण्याऐवजी हातपंप बसवा. बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा आणि अर्धीच भरून दोन खेपा करा. केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू आणि मॉप वापरा. भात लावणी, खुरपणी यांना पर्याय नसतो. पण अर्ध्या तासाने उभे राहून हात कंबरेवर ठेवून दोन-चारदा मागे झुकता येते. खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आदर्श बैठक शोधण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने उठणे महत्त्वाचे. आणि सकाळी उठल्या उठल्या पहिला अर्धा-पाऊण तास जड बादली, सिलिंडर यांच्या वाटेला जाऊ नका. आधी चहा घ्या, थोडे फिरा.

इतके करूनही उसण पुन्हा भरू शकते. दुसऱ्या खेपेला माणूस जास्त घाबरतो, कारण त्याला वाटते आता कंबर कायमची गेली. धोक्याची लक्षणे पुन्हा एकदा पडताळून पाहा. ती नसतील तर नव्या एमआरआयची गरज नाही. दोन दिवस शेक, थोडे थोडे चालणे, आणि ज्या दिवशी व्यायाम सुटला होता तिथपासून निम्म्या मात्रेने पुन्हा सुरुवात.